मूकपटाचा नट आणि माझं मशीन

सिनेमाच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला लोक एकच गोष्ट म्हणतात, "मग काय, हजारो पिक्चर फुकट बघितले असतील!" मी हो म्हणून टाकतो. खरं सांगायला लागलं की समोरच्याचा विरस होतो. ऑपरेटर सिनेमा बघत नाही. तो पडद्याचा वरचा उजवा कोपरा बघतो.

त्याचं असं, की सिनेमा यायचा तो रिळांमध्ये, आणि केबिनमध्ये मशीनं असायची दोन. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या त्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की शेजारचं मशीन सुरू करायचं. थोड्या वेळानं दुसरा ठिपका आला की इकडचा उजेड झाकायचा आणि तिकडचा उघडायचा. हे पब्लिकला कळता कामा नये. कळलं तर शिट्ट्या, आणि शिट्ट्यांमागून आईबहिणीचा उद्धार. त्यामुळे पडद्यावर नायिका विष पीत असो की नाचत असो, माझा एक डोळा कोपऱ्यावर, आणि दुसरा डोळा उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर. त्या कांड्या जळत जळत झिजायच्या आणि सारख्या पुढे सरकवाव्या लागायच्या. घरी गेल्यावर बायको विचारायची, काय होती गोष्ट? मी म्हणायचो, कार्बन चांगला होता.

एकदा तर घाईत मी पाचव्या रिळानंतर सातवं लावलं आणि त्यानंतर सहावं. नायक-नायिकेचं आधी लग्न झालं, मग ओळख झाली. मी केबिनमध्ये घामाघूम होऊन शिट्ट्यांची वाट बघत होतो. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट शो सुटल्यावर आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक डोअरकीपरला म्हणालं, "आज पहिल्यांदा ष्टोरी नीट समजली."

आमचं थिएटर सोलापुरात, सात रस्त्याकडून येताना डाव्या हाताला होतं. आता तिथं कपड्यांचं मोठं दुकान झालंय. बायको साड्या बघते तेव्हा मी वर बघत बसतो आणि केबिन कुठे होती याचा अंदाज घेतो. हल्लीच्या सिनेमाला ऑपरेटर लागत नाही. कॉम्प्युटरच लावतो, कॉम्प्युटरच बंद करतो. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. कार्बनचा धूर मी छातीत पुष्कळ भरून घेतलाय, आताच्या पोरांना तो घ्यावा लागत नाही हे बरंच झालं. शुक्रवार पेठेत मला अजून कुणी इस्माईल म्हणत नाही, ऑपरेटरच म्हणतात, आणि ते ऐकलं की मी अजूनही ताठ चालतो. पण सिनेमा ही हातानं सांभाळून चालवायची वस्तू होती, हे नातवंडांना सांगितलं तर पटत नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते नरसय्यामामा.

नरसय्यामामा भवानी पेठेतले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दारातच स्वतःचा यंत्रमाग. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. वय झालेलं, पण नवा पिक्चर लागला की पहिल्या आठवड्यात दुपारच्या शोला ठरलेले. इंटरव्हल झाला की चहा घ्यायच्या ऐवजी ते केबिनच्या जिन्यापाशी यायचे आणि मला नटाचा निकाल सांगून जायचे.

"ह्यो तुमचा हिरो," ते म्हणायचे, "बाप मेला तरी तोंडानंच सांगतोय. डोळं काय भाड्यानं दिल्यात काय?"

"मामा, तुम्ही नाटकात वगैरे होता का?"

"न्हाय बाबा. मागावर हुतो, मागावरच हाय."

एवढं बोलून ते वळायचे. वळताना डावा खांदा किंचित उचलायचे. ती त्यांची लकब होती.

त्या काळात गावातल्या काही हौशी मंडळींनी जुने, चांगले सिनेमे दाखवायचं एक मंडळ काढलं होतं. रविवारी सकाळी, नेहमीचे शो सुरू व्हायच्या आधी, ते आमचं थिएटर भाड्यानं घ्यायचे. त्यात पुढाकार कॉलेजात शिकवणाऱ्या जोशीबाईंचा. एकदा बाईंनी पुण्याहून एका मूकपटाची उरलीसुरली चार रिळं मागवली. मूळ सिनेमा आवाज यायच्या आधीचा, पण ही प्रत नव्या फिल्मवर उतरवलेली. बाईंनी ती स्वतःच्या जबाबदारीवर आणली होती आणि बाळंतिणीला जपावं तशी जपत होत्या. शुक्रवारी सकाळी त्या डबे घेऊन केबिनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "एकदा लावून बघू या."

लावलं. पहिली गंमत अशी झाली, की मूकपट गुरगुरायला लागला. आवाजाची पट्टी जिथं असते तिथं या फिल्मवर चित्रच होतं, आणि आमचं मशीन बिचारं ते चित्र वाचून आवाज काढत होतं. मी आवाज बंद केला. मग पडद्यावर राजा आला, तो बस सुटल्यासारखा पळतच सिंहासनावर जाऊन बसला. दासी चवऱ्या ढाळत होत्या की माशा मारत होत्या, कळेना. बाई हसल्या, मीही हसलो.

तिसऱ्या रिळात एक तरुण सरदार होता. त्याच्या धाकट्या भावाला लढाईतून जखमी करून आणतात. सरदार लोट्यानं त्याच्या तोंडात पाणी घालतो, आणि पाणी ओठांवरून खाली वाहून जातं. भाऊ गेलेला असतो. मग सरदार रडतो. पण तो रडत होता की त्याला मुंग्या चावत होत्या, असा प्रश्न पडावा. खांदे थडाथडा उडत होते. शेवटी तो उठला, वळला, आणि वळताना त्यानं डावा खांदा किंचित उचलला.

"मामा!" मी ओरडलो. जोशीबाई दचकल्या.

दुपारच्या शोला अवकाश होता. मी सायकल काढली आणि भवानी पेठ गाठली. मामा मागावर होते. खडखडाटात मी ओरडून सांगितलं, "मामा, तुमचा सिनेमा आलाय! रविवारी लावतोय! तुम्ही कधी बोलला नाहीत!"

मामांनी माग थांबवला. चालू कापड अर्ध्यात टाकून कुणी माग थांबवत नाही. मागाचा आवाज बंद झाला म्हणून लक्ष्मीमामी हात पुसत आतून बाहेर आल्या, काय झालं बघायला.

"लावू नको," मामा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावरचा रंगच उतरला होता. बाहेर कट्ट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. तरुणपणी ते पैलवान गडी. तालमीतून एका सिनेमा कंपनीच्या माणसानं त्यांना उचललं. बोलायचं नसल्यानं भाषेची अडचण नव्हती. आधी भालदार-चोपदार, मग सरदार, असं करत चार-दोन चांगली कामं मिळाली. मग बोलपट आला. यांच्या मराठीला तेलुगूचा सूर. कंपनीनं दोन वाक्यं म्हणवून घेतली आणि घरी पाठवलं. त्याचं त्यांना फार दुःख नव्हतं. माग होता, पोट भरत होतं. दुःख पुढचं होतं. लग्न झाल्यावर काही वर्षांनी हाच सिनेमा सोलापुरात एका थिएटरात जुना म्हणून लागला. मामा बायकोला, मेव्हण्यांना, अख्ख्या गल्लीला घेऊन गेले.

"रडायचा शीन आला," मामा म्हणाले, "आन् थेटर फुटलं की रे हसून. लोकं खुर्च्या बडवत हुती."

"मी बी हसले," मामी दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "पदर तोंडात कोंबून हसले. ह्ये रडत्यात का फुगडी घालत्यात, कळंना मला. तवापासनं घरात सिनेमाचं नाव न्हाय."

"पुण्यात ह्योच शीन बगून बाया रडल्या हुत्या," मामा म्हणाले. "मी सोता मागं हुबं ऱ्हाऊन बगितलंय. मग हितं का हसली? एक तर तवाची माणसं येडी हुती, न्हायतर मी. लई इचार केला इस्माईल. मीच. डायरेक्टर तर सारका वरडायचा, हळू रड, हळू रड. मी हळूच रडलो हुतो की. पण न्हाय जमलं आपल्याला."

दर नव्या पिक्चरला दुसऱ्यांच्या अभिनयाचा निकाल लावणारा हा माणूस स्वतःचा निकाल कधीच लावून बसला होता. माझा हात धरून ते म्हणाले, "तू मशीनवाला हायस. त्ये एवढं रीळ गाळ. कुणाला कळतंय?" मी म्हटलं, बघतो.

रीळ गाळणं काही अवघड नसतं. परत येऊन मी तिसरं रीळ पुन्हा लावलं, ते कुठून तोडलं तर खटकणार नाही हे बघायला. सरदार आला, लोटा उचलला, पाणी ओतलं, आणि मी तिथंच थबकलो. पाणी सुद्धा पळत होतं. लोट्यातून पडणारं पाणी खाली येत नव्हतं, आपटत होतं. मामांचा अभिनय वाईट असेल, समजू शकतो. पाण्याचा अभिनय वाईट कसा असेल?

मी पुन्हा सायकल काढली. "मामा, तुमचा कॅमेरा मोटरीवर चालायचा का?"

"मोटर कुटली? कॅमेरावाला दांडा फिरवायचा हातानं. वेग चुकू नये म्हनून तोंडातल्या तोंडात भजन म्हनायचा."

आणि मामांनीच सांगितलं, पुण्यात जिथं बाया रडल्या, तिथलं मशीनही ऑपरेटर हातानंच फिरवत होता. आता सगळा उलगडा झाला. बोलपट आला तेव्हा आवाज नीट उमटावा म्हणून सगळ्या मशीनना मोटर बसली आणि जगभर एकच वेग ठरला. तो हाताच्या वेगापेक्षा बराच जास्त. भजनाच्या ठेक्यावर घेतलेलं चित्र मोटरीवर लावलं की राजा पळणार, दासी माशा मारणार आणि रडणारा नाचणार. सोलापूर हसलं होतं ते मोटरीला.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माग हळू चालवला म्हनून कापड चांगलं निगतंय व्हय?"

याच्यावर उत्तर पडद्यावरच द्यायला हवं होतं.

संध्याकाळी जोशीबाईंना मामांची हकीगत आणि वेगाचा घोळ सांगितला. त्यांनी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण आपल्याकडे हळू चालणारं मशीन मिळणार कुठून म्हणून गप्प बसल्या होत्या. मशीन मिळणार नव्हतंच. पण आमच्या मशीनला मोटरीवरून पट्टा होता, आणि पट्टा म्हटलं की पुली आली. मोटरीची पुली बारीक केली की मशीन हळू. भवानी पेठेत मागाच्या दुरुस्तीची वर्कशॉपं गल्लोगल्ली. शनिवारी सकाळी एका टर्नरकडून मी मापाची पुली करून घेतली. एकाच मशीनला बसवायची ठरवलं. दर रिळानंतर दिवे लावून थांबायचं. मामांच्या काळी तसंच होतं म्हणे, मधल्या वेळात लोक पानं खायचे.

अडचण निराळीच होती. मशीनमध्ये फिल्म आणि कार्बनचा जाळ यांच्यामध्ये एक लोखंडी झडप असते, तिला आम्ही फायर शटर म्हणतो. मशीननं पूर्ण वेग घेतला की ती आपोआप उघडते, आणि वेग कमी झाला की पडते. का, तर फिल्म रेंगाळली की उष्णतेनं करपते. पडद्यावर मधोमध तपकिरी डाग दिसतो, तो पसरत जातो, आणि चित्राच्या जागी भोक. नवी फिल्म भडकत नाही एवढंच, पण वितळते. आता मशीन हळू चालवायचं म्हणजे झडप उघडणारच नव्हती. ती बोटानं वर धरून ठेवायला लागणार होती, सबंध शोभर. आणि तेवढ्यात एखादा जुना जोड सुटून फिल्म अडकली, तर मामांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत जळणार होता.

मी बाईंपासून काही लपवलं नाही. त्यांनी डबे जवळ ओढले आणि विचारलं,

"उजेड कमी नाही का करता येणार?"

"करणारच आहे. चित्र जरा अंधारं दिसेल. तरी धोका आहे."

"जळलं तर पुण्याला मी तोंड दाखवू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नाही लावलं तर त्यांना. लावा."

रविवारी थिएटर बऱ्यापैकी भरलं. बाई लक्ष्मीमामींना घेऊन मधल्या रांगेत बसल्या. मामा माझ्या आग्रहाखातर आले होते, पण खाली बसायला तयार नव्हते. "केबिनीत हुबा ऱ्हातो. हसली लोकं, तर मागच्या जिन्यानं भाईर." धुवून इस्त्री केलेलं धोतर नेसून ते केबिनच्या दाराशी उभे राहिले, पडद्याकडे पाठ करून.

मी रीळ भरलं, सगळे जोड आदल्या दिवशीच बोटांनी चाचपून पक्के केले होते. मोटर सुरू केली. मशीन नेहमीसारखं गरजलं नाही, घुमलं. अंगठ्यानं झडप वर उचलली. चित्र किंचित लुकलुकत होतं, पण राजा आला तो राजासारखा आला. पाऊल टाकून, थांबून, बसला. दासी चवऱ्या ढाळत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कोपरा सोडून सगळा पडदा बघत होतो.

पहिली दोन रिळं सुखरूप गेली. अंगठा भाजायला लागला होता. तिसरं लावलं आणि मामांना म्हटलं, "आलं बरं का." ते हलले नाहीत. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून खालच्या आवाजाचा कानोसा घेत होते.

जखमी भावाला आणलं. सरदारानं लोटा उचलला. पाणी संथ, जड धारेनं ओठांवर पडलं आणि गळ्यावरून ओघळलं. सरदार ते ओघळणारं पाणी बघत राहिला. लोटा खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यात काहीतरी खचत खचत खाली गेलं आणि खांदा एकदाच हलला. मी दुसऱ्या हातानं झडप धरलेल्या हाताचं मनगट दाबून धरलं आणि अल्लाचं नाव घेत राहिलो, की आता अडकू देऊ नकोस, एवढं जाऊ दे.

"इस्माईल," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काईच ऐकू येईना. लोकं गेली का उटून?"

"बसलेत मामा. बघा तरी."

ते आले आणि माझ्या शेजारच्या काचेतून वाकून बघायला लागले. त्यांनी आधी पडदा बघितला नाही, माणसं बघितली. कुणी हलत नव्हतं. कुणीतरी नाक ओढलं. मग हळूच त्यांनी नजर वर केली आणि स्वतःला बघितलं. रीळ संपेपर्यंत त्यांनी काच सोडली नाही.

रीळ उतरलं, फिल्म धड होती. मी झडप सोडली आणि अंगठ्यावर फुंकर घातली. त्याला हा मोठा फोड आला होता. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "एक सिनेमा के वास्ते अंगूठा जला लिए जी? अक्कल कां गई?" मी नुसता हसलो.

चौथं रीळ झालं, लोक उतरले. बाई आणि मामी केबिनमध्ये आल्या. जिना चढून मामींना दम लागला होता, डोळे लाल होते. त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी हसले हुते," त्या म्हणाल्या.

"तू काय करनार. मोटर हुती."

"तरी बी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आज समदं थेटर रडत हुतं. आन् मी बाईंना सारकं सांगत हुते, ह्ये आमचं मालक हायत."

मामा माझ्याकडे वळून, जरा लाजत म्हणाले, "त्ये रीळ अजून एकदा लावतोस?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. दुपारच्या शोला थोडा वेळ होता. मी फोड आलेल्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं आणि रिकाम्या थिएटरात ते रीळ पुन्हा सोडलं. या वेळी मामा काचेला नाक लावूनच उभे होते, मामी त्यांच्या शेजारी. पाणी पडलं, लोटा खाली गेला, आणि मामांनी काचेवर टिचकी मारली.

"हितं चुकलं!" ते ओरडले. "बगितलंस का? लोटा लवकर ठिवला मी. भाऊ मेल्यालं हाताला आदी कळलं, डोळ्याला मागनं. उलटं पायजे हुतं." मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं यांचं. पण मामा मिशीतल्या मिशीत हसत होते. पडद्यावरून नजर न काढता त्यांनी माझ्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

"येवडंच चुकलंय. बाकी बरा हाय की रे मी!"